बागेतलं शिक्र्याचं घरटं: बघायचं कुठून, किती वेळ आणि थांबायचं कधी

कडुलिंबावर घरटं दिसलं की लोक त्याच दिवशी झाडाखाली जाऊन उभे राहतात. मोबाइल वर, मान वर. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांना बोलावतात, तिसऱ्या दिवशी अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून, झूम करून फोटो. आठवड्याभरात मादी बसेनाशी होते, कावळा अंडी नेतो आणि घरात ठरतं की पक्षी पळून गेला. तो पळून गेलेला नसतो, त्याला उठवलेलं असतं.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. ओळख, मोजमाप, जागा, वेळ आणि त्यानंतर दुर्बीण असा क्रम आहे. लोक दुर्बिणीपासून, नाहीतर थेट झाडापासून सुरुवात करतात. बडोद्यातल्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या कंपाउंडमध्ये घरटं करणारा लहान शिकारी पक्षी बहुधा शिक्राच असतो. गुजराती शेजारी त्याला शकरो म्हणतील. म्हणून पुढचं सगळं शिक्र्याला धरून आहे. ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याचे, म्हणजे छोट्या घुबडाचे, नियम थोडे वेगळे, ते शेवटाकडे.

शिक्र्याचा हंगाम साधारण मार्च ते जून. तयारी मात्र जानेवारीपासून करायची.

१. उत्तरायण संपलं की: झाडाची कामं आटपा

१४ जानेवारीचं उत्तरायण आणि १५ ची वासी उत्तरायण झाली की प्रत्येक उंच झाडावर मांजा लटकलेला असतो. पानांत तो दिसत नाही. सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा झाडाच्या सावलीच्या बाजूला उभं राहून उन्हाकडे तोंड करून बघा, दोरे चमकतात. लांब बांबूच्या टोकाला आकडा आणि आकड्याच्या आत धारदार पाती बांधून दोरा आधी कापा, मग काढा. ओढू नका. ओढलेला मांजा दुसऱ्या फांदीवर जाऊन आणखी आवळतो आणि तुमच्या बोटालाही कापतो. विजेच्या तारेजवळचा मांजा स्वतः काढायचा नाही, बांबू कोरडा असला तरी नाही.

हे काम ३१ जानेवारीपर्यंत संपवा. फेब्रुवारीत जोडी झाड निवडायला लागते आणि त्या दिवसांत झाडावर वर-खाली झालं तर ती दुसरीकडे जाते. छाटणीही याच मुदतीत करा. दोन-तीन जाड फांद्या जिथे फुटतात ते बेचकं आणि त्याच्यावरची पानांची छत्री मात्र ठेवा.

तिसरं काम उंदरांच्या औषधाचं. ब्रोमाडिओलोनच्या वड्या टाकल्या की उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि शिकारी पक्ष्याला सगळ्यात आधी तोच मिळतो. विष मग पक्ष्याच्या पोटात जातं. फेब्रुवारी ते जुलै वड्या बंद, पिंजरा लावा. चिकट पुठ्ठे बाहेर ठेवूच नका, त्यांना पाली, सरडे आणि कधी पक्षीही चिकटतात.

तपासा: मांजा निघाला, छाटणी झाली, वड्या उचलल्या. यातलं झाडावरचं एखादं काम राहिलं आणि फेब्रुवारीचा मध्य उलटला असेल, तर ते या वर्षापुरतं सोडून द्या.

२. आधी ओळख, तीही लांबून

निम्म्या घरांत जो "शिक्रा" दिसतो तो पावशा असतो. शेजारच्या बेन ज्याला बपैयो म्हणतात, तोच. राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी, छातीवर आडवे पट्टे, उडण्याची ढबही शिक्र्याची. इतकी, की लहान पक्षी त्यालाही घाबरून उडतात. फरक चोचीत आणि बसण्यात बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि बाकदार असते, पाय लांब, नखं दणकट, बसतो ताठ. पावशाची चोच सरळसर असते, डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, बसतो तेव्हा पंख ढिले आणि शेपटी लोंबती. मुख्य म्हणजे पावशा घरटं बांधतच नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकतो. पक्षी काटक्या नेताना दिसला तर तो पावशा नव्हे.

शिक्रा २६ ते ३० सेंटिमीटरचा, म्हणजे पारव्याहून थोडा लहान. नर निळसर राखाडी, डोळा लाल. मादी नराहून मोठी, पाठ तपकिरीकडे झुकणारी, डोळा पिवळा-नारिंगी. दोघांच्या छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा आणि गळ्यावर मधोमध एक उभी रेघ. छातीवर आडव्या रेघांऐवजी तपकिरी थेंबांच्या उभ्या ओळी असतील तर तो तरुण पक्षी आहे.

आवाज "टि-टुई, टि-टुई" असा दोन तुकड्यांचा, पुन्हापुन्हा. पण एवढ्यावर ठरवू नका. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, साळुंक्यांना घाबरवून त्यांचा घास लांबवण्यासाठी. आवाज आला आणि समोर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी बसलेला असेल तर विषय संपला.

घरट्यावरून ओळखणं सगळ्यात कठीण. शिक्रा आणि कावळा, दोघांचीही घरटी काटक्यांची आणि विस्कळीत. दोघांतही तारेचे तुकडे सापडतात, त्यामुळे "तार आहे म्हणजे कावळाच" हे चूक. काटकी कशी येते ते बघा: कावळा चोचीत आणतो, शिक्रा पायात.

सावध: ओळख पटवायला मोबाइलवर शिक्र्याचा आवाज वाजवू नका. हद्दीत दुसरा नर आला असं समजून जोडी घरट्याचं काम टाकून त्याला शोधत बसते.

३. उंची मोजा, मग जागा ठरवा

हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. "लांबून बघतो" म्हणणारे लोक बऱ्याचदा आठ पावलांवर उभे असतात.

हात डोळ्यासमोर सरळ ताणा आणि काठी मुठीत उभी धरा. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर राहिली पाहिजे. आता झाडापासून मागे सरकत जा. मूठ बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं टोक घरट्याशी जुळलं की थांबा. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे घरट्याची उंची. साधारण चौदा पावलांचे दहा मीटर धरा. हे मापही एकदाच घ्यायचं, घरटं बांधणं चालू असताना, मादी बसायच्या आधी.

बागेतून बघायचं तर अंतर उंचीच्या दुप्पट हवं. घरटं दहा मीटरवर असेल तर तुम्ही बुंध्यापासून वीस मीटरवर. त्यामुळे मानही दुखत नाही आणि मादीला तुम्ही थेट तिच्या खाली दिसत नाही. आपल्या बागांमध्ये वीस मीटर मिळतात कुठे? म्हणून खिडकी. घर जोडीने आधीच बघितलेलं असतं. आत दिवे लागतात, भांडी वाजतात, कुकरची शिट्टी होते आणि हे सगळं मान्य करूनच तिने ते झाड घेतलेलं असतं. घरातून बारा मीटरचं अंतरही चालतं, ते याच कारणाने.

खिडकी निवडताना:

- काठाला टेकून उभं राहायचं नाही. खिडकीपासून मीटर-दीड मीटर आत, दिवा बंद, पडद्याला एका हाताची फट.
- सरकती काच उघडा. काचेतून प्रतिमा दुहेरी होते. मच्छरजाळी असेल तर तीही सरकवा, जाळीतून दुर्बिणीत सगळं धुकट दिसतं.
- सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी खिडकी असेल तर उत्तम. नसेल तर संध्याकाळची वेळ ठेवा.

अगाशी मोहात पाडते, कारण तिथून घरट्यात बघता येतं. तोच तिचा दोष. आभाळाच्या पार्श्वभूमीवर घरट्याच्या वर उभी राहिलेली आकृती मादीला सगळ्यात जास्त खटकते. अंडी असताना अगाशीवरून बघणं पूर्ण बंद ठेवा. पापड-वेफर वाळवायचे असतील तर ते झाडापासून लांबच्या कोपऱ्यात, आणि रोज त्याच वेळी.

ओसरीवरचा झोपाळा ही जागा वाटते त्याहून चांगली आहे. झुलणाऱ्या माणसाकडे पक्षी दोन दिवसांत दुर्लक्ष करायला लागतात. फक्त दुर्बीण लावायला झोपाळा थांबवावा लागतो, आणि तो थांबल्याचं मादीला कळतं.

४. सामान

फार लागत नाही. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरे. १०×५० हातात थरथरते आणि पंधरा मिनिटांत खांदे भरतात. स्वस्तातला तिपाई स्टँड आणि दुर्बीण त्यावर बसवायचा जोड घ्या. दर वेळी दुर्बीण झटक्याने डोळ्याला लावण्यापेक्षा ती आधीपासून घरट्यावर रोखून ठेवलेली बरी. एक वही, पेन्सिल, भिंतीवरचं घड्याळ. कॅमेरा असेल तर ३०० मिलिमीटर किंवा जास्त लेन्स, आवाज बंद, फ्लॅश बंद. ड्रोन, सेल्फी-स्टिक आणि काठीला बांधलेला आरसा घरातच ठेवा.

५. पहिले दहा दिवस: तुमची सवय होऊ द्या

वेळ ठरलेली हवी. एप्रिलच्या मध्याला बडोद्यात सूर्योदय ६:२० च्या सुमारास होतो, मे अखेरीस सहाच्या थोडा आधी. सकाळी ६:१५ ते ८:३० आणि संध्याकाळी ५:३० ते अंधार पडेपर्यंत, या दोन वेळांत जे बसेल ते बसवा. मधला वेळ नाही. कारण पुढे येईल.

पहिले चार दिवस फक्त दहा मिनिटं, दुर्बिणीशिवाय, एकाच माणसाने. पाचव्या दिवसापासून दुर्बीण, वीस मिनिटं. दहाव्या दिवसानंतर कमाल चाळीस. मादी अंड्यांवर बसली की संध्याकाळची वेळ सोडून द्या, सकाळची एकच ठेवा.

बागेतली रोजची कामं थांबवू नका. माळी सात वाजता पाणी घालत असेल तर त्याने सातलाच घालावं. पाइप ओढल्याचा, झाडलोटीचा आवाज तिच्या हिशेबात बसलेला असतो. अडचण नव्या गोष्टींची होते: रंगकामाची परांची, लग्नाचा मांडव, झाडावर गुंडाळलेली रोषणाई. मे महिन्यात कार्य असेल तर मांडव घराच्या दुसऱ्या बाजूला घाला आणि दिव्यांच्या माळा त्या झाडावर चढवू नका.

सावध: घरट्यासमोर येणारी डहाळी "दिसत नाही" म्हणून छाटू नका. घरट्यांचं मोठं नुकसान याच एका कात्रीने होतं. ती डहाळी दुपारचं ऊन अडवते आणि कावळ्याची नजरही.

६. बसलेली मादी वाचायची कशी

मादी बसली की घरट्यातून बहुधा शेपटीच तेवढी बाहेर दिसते. अंडी साधारण तीन-चार, फिकट निळसर. ती तुम्हाला दिसणार नाहीत आणि दिसायची गरजही नाही. तुम्हाला वाचायची आहे ती मादी.

तिची अस्वस्थता पायरीपायरीने वाढते:

१. शरीर खाली दबलेलं, डोकं वर, नजर थेट तुमच्यावर. हालचाल थांबवा, दुर्बीण खाली करू नका, श्वास घ्या. मिनिटभरात तिने नजर वळवली तर ठीक.
२. ती उठून उभी राहिली. पडदा ओढा, त्या वेळचं निरीक्षण संपलं.
३. "किक्-किक्-किक्" असा जलद, टोकदार आवाज. खोलीतूनच बाहेर पडा.
४. ती उडाली. वेळ लिहा आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या खोलीतून एकदाच डोकावून परत आली का बघा. पंधरा मिनिटांनीही आली नसेल तर बागेतली सगळी माणसं घरात घ्या, माळीसुद्धा.

एका दिवसात ती तुमच्यामुळे दोनदा उठली तर तीन दिवस पडदा बंद. इथे लोक सवलत घेतात, "आता सवय झाली असेल तिला" म्हणून. कावळ्याला अंडी न्यायला एक मिनिट पुरतं. आणि माणसं वारंवार कुठे बघतात यावर कावळ्याचं बारीक लक्ष असतं.

आता जे बघण्यासारखं आहे ते. अंड्यांवर बहुतांश मादी बसते आणि नर शिकार आणतो, पण घरट्यावर नाही. जवळच्या एखाद्या झाडावर, बहुधा आडव्या, पानं नसलेल्या फांदीवर तो उतरतो आणि बोलावतो. मादी घरट्याच्या काठावर येते, क्षणभर थांबते आणि न फडफडता खाली सरकल्यासारखी निघते. शिकार पायातून पायात जाते. मग ती तिथेच किंवा शेजारच्या फांदीवर पिसं उपटत खाते. नर तेवढ्या वेळापुरता घरट्याच्या काठावर जाऊन उभा राहतो, कधी अंड्यांवर बसतोही. ही देवाणघेवाणीची फांदी शोधा. तिच्या खाली पिसं, सरड्याची शेपटी, खारीच्या शेपटीचा गोंडा आणि बोटाच्या पेराएवढ्या राखाडी गोळ्या पडलेल्या असतात. या गोळ्या म्हणजे न पचलेली पिसं आणि केस, जे पक्षी तोंडावाटे टाकतो. घरट्याखाली न जाता जोडी काय खाते ते इथे कळतं. गोळ्या चिमट्याने उचला, कागदावर तारीख लिहून ठेवा, हात साबणाने धुवा. ही फांदी घरट्याच्याच झाडावर असेल तर मात्र खाली जायचं नाही, ते काम जुलैत करा.

वहीतली नोंद अशी दिसली पाहिजे:

"१४ एप्रिल. ६:३५ ते ७:०५. मादी बसलेली, तोंड रस्त्याकडे. ६:४८ नराचा आवाज, आसोपालवावर. पायात सरडा, डोकं नाही. ६:४९ मादी उतरली. ६:५१ नर घरट्याच्या काठावर. ६:५८ मादी परत. कावळे दोन, एकदाच, दुरून."

"आज छान दिसला" ही नोंद नव्हे. वेळा असतील तरच पंधरा दिवसांनी फरक कळतो: नराच्या फेऱ्या वाढल्या का, मादी किती वेळ दूर राहते, कावळे रोज येतात की कधीमधी.

७. पिल्लं आणि दुपार

अंडी फुटल्याचं घरट्यात न बघताही समजतं. मादी सपाट बसायची ती अर्धवट उभी राहायला लागते. मान खाली घालून झटके दिल्यासारखं करते, म्हणजे मांसाचे बारीक तुकडे तोडून भरवते. नराच्या फेऱ्या वाढतात. काही दिवसांनी झाडाखाली चुन्यासारखे शिंतोडे दिसायला लागतात, कारण मोठी होणारी पिल्लं काठाशी सरकून बाहेर विष्ठा टाकतात. ते शिंतोडे लांबून बघायचे. गाडी तिथे लावत असाल तर हलवा, धुवत बसू नका.

पिल्लं मोजायची घाई नको. पहिले दोन आठवडे पांढऱ्या लवीचा एकच ढीग दिसतो. डोकी काठावर यायला लागली की आपोआप मोजता येतात.

दुपारी न बघण्याचं कारण असं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा सहज चाळिशी ओलांडतो. थंड प्रदेशात मादी उठली तर अंडी गार पडतात. इथे उलटं आहे, उन्हात उघडी पडलेली अंडी आणि लव फुटलेली पिल्लं भाजतात. अकरा ते चार मादी बऱ्याचदा बसत नाही, उभी राहते, सूर्याकडे पाठ करून पंख थोडे उघडे ठेवते आणि तिच्या सावलीत पिल्लं असतात. चोच उघडी, गळा थरथरतोय. ही मादी दमलेली किंवा आजारी आहे असं वाटून लोक पाइपने झाडावर पाणी मारतात. मारू नका. ती उडते, आणि सावली तिच्याबरोबर जाते.

पाणी द्यायचं तर मातीचं पसरट भांडं ठेवा, ४०-४५ सेंटिमीटर रुंद, पाणी चार-पाच सेंटिमीटर, झाडापासून दहा-बारा मीटर लांब, सावलीत. रोज बदला. दाण्यांचं भांडं मात्र त्या झाडाजवळ ठेवू नका. चबुतऱ्यावर पक्ष्यांना चण (दाणे) टाकायची सवय असेल तर ती टाका, पण कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला. आणि मांसाचे तुकडे कधीच नाहीत. त्यावर शिक्रा येत नाही. कावळे आणि घारी येतात आणि मग जात नाहीत.

तपासा: बाल्कनीत पोपट किंवा लव्हबर्ड्सचा पिंजरा आहे का? आत घ्या. शिक्रा जाळीवर झडप घालतो, आतले पक्षी गजांवर आपटून घेतात. मांजर असेल तर पुढच्या टप्प्यात ती दिवसा घरात.

८. घरट्याबाहेर पडणारी पिल्लं

साधारण महिनाभराची झाली की पिल्लं घरट्यातून शेजारच्या फांद्यांवर चढायला लागतात. उडता येत नाही, उड्या मारतात, पंखांची धडपड करतात, आणि दिवसभर किंचाळतात. हा भुकेचा आरडाओरडा दोन-तीन आठवडे चालतो आणि याच काळात सर्वांत जास्त पिल्लं विनाकारण "वाचवली" जातात.

जमिनीवर पिल्लू दिसलं तर हात लावण्याआधी दुरून ठरवा:

अंगावर पूर्ण पिसं, छातीवर उभे थेंब, पायांनी काठी घट्ट धरतं, तुमच्याकडे चोच उघडून फिसकारतं: हे फांद्यांवर फिरणारं पिल्लू. मांजर, कुत्रा बाजूला करा आणि दूर व्हा. रस्त्यावरच असेल तर टॉवेल टाकून उचला आणि जवळच्या आडव्या फांदीवर ठेवा. बोटं त्याच्या पायांजवळ नेऊ नका, पिल्लाची नखंही आरपार जातात. आईबाप किंचाळण्यावरून त्याला शोधतात.

अंगावर बरीचशी पांढरी लव, उभं राहता येत नाही: हे घरट्यातलं पिल्लू, बहुधा वळवाच्या वादळाने पडलेलं. १९६२ वर फोन करा, ही गुजरातमधली पशु-पक्ष्यांसाठीची हेल्पलाइन आहे. वन विभागालाही कळवता येतं. माणूस येईपर्यंत बाजूंना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला सुकं गवत, झाकण बंद, अंधार, शांत खोली. खोक्यात पाण्याची वाटी नाही. ड्रॉपरने पाणी नाही, दूध नाही, भाकरी नाही. चोचीत पाणी घातलं की ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, आणि पडण्यातून वाचलेलं पिल्लू त्या पाण्याने जातं.

घरटंच कोसळलं असेल आणि आलेला जाणकार पिल्लं झाडावर परत ठेवूया म्हणत असेल, तर बांबूची उथळ टोपली तयार ठेवा. ३५-४० सेंटिमीटर रुंद, तळाला पाणी निथळायला भोकं, आत काटक्या. कापूस, चिंधी नको, त्यात नखं अडकतात. त्याच झाडावर, सावलीच्या बाजूला, जमेल तितकी उंच आणि तीन ठिकाणी बांधलेली. नंतर खिडकीतून बघा. संध्याकाळपर्यंत मादी टोपलीवर आली नाही, तर पुन्हा फोन.

९. माणसांची व्यवस्था

एप्रिलच्या सुरुवातीलाच सोसायटीच्या ऑफिसात लेखी कळवा: कोणतं झाड, कोणती बाजू, जून अखेरीपर्यंत छाटणी नको. पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या कापायला माणसं येतात तेव्हा तुम्ही घरी असाल असं नाही, म्हणून वॉचमनलाही सांगून ठेवा. कुणी ऐकत नसेल तर कायदा सांगा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटं विचलित करणं येतं.

शेजारी खारीसाठी हळहळतील, एखादे काका टाळ्या वाजवून शिक्र्याला हाकलतील. वाद घालण्यापेक्षा त्यांना तुमच्या खिडकीत दहा मिनिटं बसवा, एका वेळी एकालाच. मुलं असतील तर वही त्यांच्या हातात द्या. लिहिणारं मूल ओरडत नाही.

फोटो आणि ठिकाण घरटं रिकामं होईपर्यंत कुठल्याही ग्रुपवर नको. "फक्त आमच्या नातेवाइकांचा ग्रुप" हेही नको. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद करायची असेल तर जुलैत करा, वहीतल्या तारखा तिथे भरता येतात.

ढोलीत पिंगळा असेल तर

पिंगळ्याचा हंगाम आधीचा, साधारण हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत. जुन्या वडाच्या किंवा आंब्याच्या ढोलीत, कधी भिंतीच्या भोकात. वेळ फक्त दिवेलागणीची, अर्धा तास. टॉर्च ढोलीत मारायचा नाही, ढोलीत काठी किंवा मोबाइल घालायचा नाही, आणि रंगकामवाल्याला भोक बुजवू द्यायचं नाही. ढोलीसमोर नवा पांढरा एलईडी लावला असेल तर तो खाली वळवा किंवा पिवळा करा. बाकी अंतर, खिडकी आणि वही तीच.

घरटं रिकामं झाल्यावर

जुलैत पिल्लांचे आवाज बंद झाले तरी घरटं उतरवू नका. पावसाने ते आपोआप सैल होऊन पडतं. खाली पडलेल्या काटक्या आता चाळून बघायला हरकत नाही, कोणत्या झाडाच्या आहेत, किती जाड, तार किती. बेचक्याची जागा आणि बुंध्यापासूनचं अंतर वहीच्या शेवटच्या पानावर आकृती काढून ठेवा. पुढच्या वर्षी जोडी त्याच आवारात, पण बऱ्याचदा दुसऱ्या झाडावर घरटं करते, आणि जानेवारीत बांबू घेऊन मांजा काढायला निघाल तेव्हा कुठली बेचकी वाचवायची हे त्या पानावरून कळेल. बाकीची छाटणी नोव्हेंबरमध्ये उरकली तर उत्तम.